माझंच काही चुकतंय का, ताई?

महालक्ष्म्या झाल्या की दरवर्षी पत्रांचा ढीग येतो. सणात दमलेल्या बाया चार दिवसांनी जरा टेकतात आणि मग लिहायला बसतात. यंदाची पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली, विषय वेगवेगळे आहेत, कुणाचं ऑफिस, कुणाचं दुखणं, कुणाचं माहेर, पण जवळजवळ प्रत्येकीने शेवटी एकच वाक्य लिहिलंय, माझंच काही चुकतंय का. मला ते वाचून फार वाईट वाटलं, खरंच. म्हणून या वेळी पत्रं कमी घेतलीत आणि उत्तरं जरा मोकळी लिहिलीत.

प्रश्न: ताई, मी मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या उद्योग पट्ट्यातल्या, एका कंपनीत आहे, आमच्या ऑफिसात ऐंशी-नव्वद लोक असतील. बाळ सात महिन्यांचं आहे, गेल्या महिन्यात रजा संपवून जॉइन झाले. मानेवाड्याहून सकाळी साडेआठला निघते ते घरी यायला साडेसात. बाळ सासूबाईंकडे असतं, त्या खूप करतात, पण गुडघे दुखतात त्यांचे आणि आमच्या वेळी असं नव्हतं हे रोज एकदा तरी ऐकावं लागतं. दुपारी ऑफिसात छाती इतकी भरून येते की मी वॉशरूममध्ये जाऊन दूध काढते, बेसिनमध्ये ओतते, नळ सोडते आणि तिथेच रडते. परवा मॅनेजर म्हणाले, आता तुमचं लक्ष घरीच राहणार, थोडा ब्रेक घेतला तरी चालेल, बघा विचार करून. नवरा चांगला आहे, मदत करतो, पण तोही म्हणून राहिला की एवढा त्रास होतो तर सोडून दे. मला दोन्हीकडे काहीच नीट जमत नाहीये. — एक आई, मानेवाडा

उत्तर: अगं, आधी ते बेसिनचं बोलू. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. उद्यापासून ते दूध ओतायचं नाही. एक पंप घे, हाताचा चालेल, उकळून घेतलेली घट्ट झाकणाची बाटली घे आणि बर्फाचे पॅक ठेवायची ती इन्सुलेटेड बॅग घे. काढलेलं दूध साधारण 25 डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, आपल्या नागपुरात एसीबाहेर तो भरवसा धरू नको, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं आणि बर्फाच्या बॅगेत एक दिवस. घरी नेलं की कोमट पाण्यात बाटली ठेवून गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने उष्टं केलेलं मात्र दोन तासांनंतर द्यायचं नाही, तेवढं सासूबाईंना सांगून ठेव. आणि वॉशरूममध्ये का काढायचं? एचआरला एक कडी लागणारी खोली माग, अर्धा तास, दिवसातून दोनदा.

ती मागताना ओशाळू नको कारण कायदाच तुझ्या बाजूने आहे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन वेळा नर्सिंग ब्रेक मिळायला हवा, आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. तुमच्याकडे ऐंशी-नव्वद जण आहेत म्हणजे हे लागू आहे. 26 आठवड्यांची रजा 2017 च्या दुरुस्तीने आली, मूळ मातृत्व लाभ कायदा 1961 चा, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या सगळ्या गोष्टी ठेवल्यात. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं हेही त्यात आहे, ते विचारून बघ, आठवड्यातले दोन दिवस मिळाले तरी सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडेल.

मॅनेजर तोंडी बोलले ना, तू लेखी उत्तर दे. मेलवर, साध्या भाषेत, की अमुक तारखेला आपलं असं बोलणं झालं, मला नोकरी सोडायची नाही, मला नर्सिंग ब्रेक आणि पाळणाघराच्या सोयीबद्दल माहिती हवी आहे. भांडणाचा सूर नको, फक्त तारीख आणि मुद्दा. ब्रेक घ्या म्हणणारे लोक मेल पाहिला की बरेचदा गप्प बसतात. नाहीच बसले तर नागपुरात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते, पण तोवर कुणी कितीही गोड बोललं तरी राजीनाम्याची एक ओळही लिहून देऊ नको.

आणि हे कुणाचे उपकार नाहीत बरं. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकर कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते, आणि जुलै 1942 मध्ये आपल्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती, हजारो बाया आल्या होत्या आणि गिरण्या-बिडी कारखान्यांतल्या बायांना रजा मिळावी असे ठराव तिथे झाले. तुझ्या मेलमागे एवढ्या जणी उभ्या आहेत.

नवऱ्याबद्दल एकच. तो मदत करतो असं तू लिहिलंस, म्हणजे काम तुझं आणि तो हातभार लावतो असा अर्थ झाला. त्याला एक पूर्ण काम दे, अर्धं नाही. सकाळची अंघोळ-तेल-कपडे त्याचं, किंवा रात्रीचं उठणं त्याचं, आणि मग तू तिथे डोकावायचं नाही, लंगोट वाकडा बांधला तरी. आठवडाभर अवघड जाईल, तुलाही आणि त्यालाही.

प्रश्न: मी 43 वर्षांची, नंदनवनमध्ये एका शाळेत शिकवते. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या असा पस्तीस माणसांचा स्वयंपाक केला आणि दुसऱ्या दिवशी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, दोन वर्षांपूर्वीही दिल्या होत्या, पोट बिघडलं म्हणून सोडून दिल्या. पाळीत दर तासा-दीड तासाने पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, पण आमच्या माहेरी सगळ्यांनाच असं आहे. घरचे म्हणतात तू हल्ली आळशी झालीस, शाळेतून आली की लोळते. मलाही आता तसंच वाटतं. — एक शिक्षिका

उत्तर: तुम्ही आळशी नाही आहात, तुमच्या अंगात रक्त नाहीये. तुमच्या वयाच्या बाईला हिमोग्लोबिन कमीत कमी 12 हवं, तुमचं 8.4 आहे. रक्तातला प्राणवायू हिमोग्लोबिनच वाहून नेतं, ते कमी पडलं की हृदय जोरात पळतं, जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळे मिटतात, चिडचिड होते. अशा अंगाने तुम्ही पस्तीस पानं वाढलीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांना रक्तक्षय निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. एवढ्या सगळ्या बाया आळशी कशा असतील?

माझी आई सुपात तांदूळ निवडायला बसली की चिमूटभर तांदूळ तोंडात टाकायची, कच्चेच, कटकट आवाज यायचा आणि आम्ही पोरं म्हणायचो आईला सवय आहे. पन्नाशीत एका ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि तीन-चार महिन्यांत तांदूळ खाणं आपोआप सुटलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. वीस वर्षं ती ते दुखणं अंगावर काढत होती आणि आम्ही समोर बसून बघत होतो. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

गोळ्यांबद्दल. चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेत असाल तर त्या वाया जातात, चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी लोह अंगी लागू देत नाहीत, मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागते, आता संत्र्यांचा मोसम येतोच आहे, रोज एक संत्रं खा. शौचाला काळी होते, घाबरू नका. पोट बिघडत असेल तर गोळी बदलून मिळते, एक दिवसाआड घेता येते, अगदीच नाही तर सलाइनमधून लोह देतात, पण हे डॉक्टरांना सांगून करायचं, स्वतःच बंद नाही करायचं. आणि आकडा 12 वर आला की लगेच थांबायचं नसतं, साठा भरायला पुढे साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. अंबाडीची भाजी, हरभरा, तीळ, गूळ हे सगळं खा, पण 8.4 नुसत्या भाजीने वर येत नाही, हे कुणी पटवून सांगितलं तरी ऐकू नका.

खरा मुद्दा पाळीचा आहे. तासाला पॅड आणि गाठी हे माहेरचं वळण नाही, ते जास्त रक्त जाणं आहे आणि खाली गळती सुरू असताना वरून कितीही भरलं तरी काय उपयोग. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोनोग्राफी करा, गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे का ते दिसेल, आणि थायरॉइड, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बी-12 एकदाच तपासून घ्या. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढलं नाही तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी करा. आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, आणि माहेरी सगळ्यांनाच असं आहे हे तुम्ही लिहिलंय म्हणून तर मुद्दाम सांगते. नुसतं वाहक असलेल्या माणसाला सहसा त्रास नसतो पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, घरातल्या पोरापोरींच्या लग्नाआधी हे माहीत असावं.

घरच्यांना हा रिपोर्ट दाखवा. फ्रिजवर लावा चुंबकाने. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला 299 मिनिटं घरकामात जातात असं निघालं आणि पुरुषाचे 97, तुमच्याकडे तर शाळाही आहे त्यावर. पुढच्या वर्षी सोळा भाज्या करायच्याच असतील तर चिरायला चार हात बसवा, मुलगा असो की दीर. महालक्ष्म्यांना चालतं.

प्रश्न: मी 56 वर्षांची, डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. केसांना कलर केला की कानामागे खाज येते, लाल होतं, तरी दर महिन्याला लावते. आता सोडावंसं वाटतं, पण मुलगी म्हणते फोटोत आजी दिसशील. आणि मला करवतकाठी नेसायची आहे, तिला डिझायनर साडी हवी. — धरमपेठ

उत्तर: कलर आजच थांबवा. गडद रंगांमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी पुढच्या प्रत्येक वेळी वाढत जाऊ शकते, चेहरा-डोळे सुजेपर्यंत, आणि लग्नाच्या आठवड्यात ते नको. काळी मेंदी म्हणून विकतात तीसुद्धा नको, त्यातही बरेचदा हेच असतं. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डिसेंबरपर्यंत तीन महिने आहेत, केस जरा छोटे कापून घ्या म्हणजे रंगवलेला भाग बराच कमी होईल, आणि मुलीला सांगा की आई खाजवत उभी राहिलेली फोटोत जास्त वाईट दिसते.

साडीबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. करवतकाठी ही आपल्या इकडची, नागपूर-भंडाऱ्याकडच्या विणकरांची, आपल्याच जंगलपट्ट्यातल्या टसर रेशमाची, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात तीन धोट्यांनी अडकवत नेलेला, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. टसरचा तो मधासारखा रंग पांढऱ्या केसांवर जो उठून दिसतो तो कुठल्याच डिझायनर साडीला यायचा नाही. लाल किंवा जांभळा काठ घ्या, ब्लाउज काठाच्या रंगाचा, गळ्यात एकच ठसठशीत दागिना. घेताना काठ उलटा करून बघा, विणलेला आहे की छापलेला ते मागच्या बाजूला लगेच कळतं. सेंट साडीवर मारू नका, टसरला डाग पडतात. नंतर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

प्रश्न: लग्नाला दोन वर्षं झाली. माझा पगार माझ्या खात्यात येतो पण एटीएम कार्ड आणि फोनचा पिन नवऱ्याकडे. पेट्रोलला पैसे मागावे लागतात. तो मारत वगैरे नाही. — हिंगणा रोड

उत्तर: मारत नाही म्हणून बरं चाललंय असं नाही गं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही छळच धरलाय. आधी बँकेत स्वतः जा, नवीन कार्ड आणि नवीन पिन घे, मोबाइल नंबर तुझाच लिंक आहे ना ते बघ, पासबुक भरून आण आणि दोन वर्षांत पैसे कुठे गेले ते शांतपणे वाच. मग घरखर्चात तुझा वाटा किती हे दोघांनी बसून ठरवा, तो तू स्वतःच्या हाताने दे. यावरून घरात आवाज चढला, भीती वाटली, तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन लाव, थांबू नको.

प्रश्न: बाबा माघात गेले. मृत्युपत्र नाही. महालमध्ये त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर आहे, उमरेडकडे आजोबांपासून आलेली चार एकर शेती आहे. आई आहे, आम्ही दोघी बहिणी, दोघे भाऊ. राखीला गेले, ओवाळलं, भावाने ताटात पाचशेची नोट ठेवली आणि आत जाऊन कागद घेऊन आला, ताई हे हक्कसोडपत्र, लहानी हो म्हणाली, उद्या रजिस्ट्रीला जाऊ. वहिनी चहाचा कप घेऊन शेजारी उभी. मी म्हटलं चष्मा आणला नाही रे, नंतर वाचते. चष्मा पर्समध्येच होता. तेव्हापासून त्याचा फोन नाही. मला पैशाची हाव नाही, माहेर तुटायला नको. पण सही करावीशी वाटली नाही. मी लालची आहे का? — 51 वर्षं, प्रतापनगर

उत्तर: तुम्ही सही केली नाही हे फार चांगलं केलं. त्या क्षणी जे सुचलं ते बरोबर सुचलं.

आता कागद समजून घ्या. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही चार भावंडं असे पाच समान हिस्से, तुमचा एक पंचमांश. शेती कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित ठरते की नाही हे वकील जुने कागद पाहून सांगेल, पण दोन्ही प्रकारे मुलीचा वाटा मुलाइतकाच. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून सहहिस्सेदार केलं आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात ते आणखी स्पष्ट केलं. तुमचं लग्न कधी झालं, हुंडा-मानपान किती झाला, याचा हिश्श्याशी काही संबंध नाही, हे कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका.

हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं की मागे घेणं फार कठीण, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, वर्षं जातात. म्हणून घाई नको. शेतीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलं का ते महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन बघा, नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. घराची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून काढा. वकिलाची फी नको वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, एकदा जाऊन या, कागद दाखवा, कुणावर केस करायला नाही, नुसतं समजून घ्यायला.

आणि सोडायचं की ठेवायचं एवढे दोनच मार्ग आहेत असं नाही. शेती भाऊ कसतो तर शेतीवरचा हक्क सोडून घराचा ठेवता येतो, किंवा हिश्श्याचे पैसे घेता येतात, किंवा काहीही न करता नाव तसंच राहू देता येतं, नाव राहिल्याने भावाला घरात राहायला कुणी अडवत नाही. चोळी-बांगडीवर बोळवण करायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि भाऊही त्याच रीतीत वाढलाय, तो वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. पण पाचशेच्या नोटेशेजारी कागद ठेवला ना, ते चुकलं, आणि ते तुमचं नाही चुकलं. तुटेल म्हणून भीती वाटते ते माहेर तुमच्या सहीवर उभं असेल तर सही केल्यावर तरी ते किती दिवस टिकेल, हा विचार तुम्ही रात्री करत असणारच.

तुमच्या पूर्ण पत्रात आईचं एकही वाक्य नाही. त्या दिवशी ती कुठे बसली होती, तिला कागद दाखवला होता का, तिने काय म्हटलं? घराचा एक पंचमांश तिचा आहे आणि तिचं पुढचं राहणं, जेवण, दवाखाना यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. भावाच्या फोनची वाट बघू नका. दुपारी तो कामावर असतो तेव्हा महालला जा, आईजवळ बसा, आणि या वेळी पर्समधला चष्मा डोळ्यांवर लावून तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा.